पहिला रकाना

"आलं का?"

आवाज वरून आला म्हणून मी वर पाहिलं. वारूळवाडीत बनकर सरांच्या कौलांवर एक तरुण उभा होता. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, एका हातात टीव्हीच्या अँटेनाचा दांडा, दुसरा हात तोल सांभाळायला पसरलेला. भाद्रपद चालू होता आणि पाऊस पडतोय की नुसता हवेत उभा आहे हे कळत नव्हतं. मी छत्री मिटून फाटकात थांबले.

"काय आलं का?" मी विचारलं.

"चित्र. आत जाऊन बघा की जरा, आणि मला सांगा."

मी बनकर सरांना, कॉलेजातल्या माझ्या जुन्या प्राध्यापकांना, भेटायला आले होते, पण सांगितलं तसं केलं. सर आत खुर्चीत बसून पडद्यावरच्या मुंग्यांकडे आशेनं बघत होते. क्रिकेटची मॅच होती म्हणे.

"गेलं... अजून गेलं... आता थोडं आलं. एकाच्या जागी दोन-दोन खेळाडू दिसतायत."

"त्यातला बरा कोणता खेळतोय?"

"दोघंही आत्ताच आउट झाले."

वरून हसण्याचा आवाज आला आणि मलाही हसू फुटलं. तो खाली उतरल्यावर मी अगदी भाबडेपणानं सांगितलं, की आमच्या प्राचार्यांच्या घरचा अँटेनाही वाऱ्यानं वाकलाय, तो दुरुस्त करायला तुम्ही कधी मोकळे आहात? त्यानं गंज लागलेले हात पँटला पुसले, सोमवारपासून रोज येणारच आहे म्हणाला. सर खुर्चीतून खो-खो हसले. "अगं ढोबळे, हा सुदर्शन कोकरे. सोमवारपासून आपल्याच कॉलेजात इतिहास शिकवणार आहे."

आमची ओळख अशी झाली, की पुढचे चार दिवस मी स्टाफरूममध्ये त्याच्याकडे बघितलंच नाही. तो मात्र रोज जाता-येता विचारायचा, "मॅडम, चित्र कसं आहे?"

हे सत्त्याण्णव सालचं. मी अंजना धर्माजी ढोबळे, राहणार पारगाव, तालुका आंबेगाव. जुन्नरच्या रस्त्यावर आमचं आर्ट्स कॉलेज होतं. तिथंच मी बी. ए. झाले आणि एम. ए. करून तिथंच मराठी शिकवायला लागले. वर्गात मी तासभर न थांबता बोलायची. माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं आई म्हणायची. हे मुद्दाम सांगून ठेवते.

कॉलेजचं पंचविसावं वर्ष होतं. स्मरणिका काढायची ठरली आणि तिच्यात 'आमचे नामवंत' असं सदर, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक दोन्हींचं. पहिल्या बैठकीत दोन तास वाद झाला, कारण नामवंत कोणाला म्हणायचं हेच ठरेना. आमदार झालेला बिनविरोध आला. नारायणगावात तमाशाचा फड चालवणारा एक पदवीधर होता, त्याच्यावर गाडी अडली. शेवटी बनकर सरांनी, जे स्वतः प्राध्यापकांच्या यादीत पहिले होते, खणखणीत सांगितलं, की त्याला घेणार नसाल तर मलाही गाळा. यादी वाचून झाली. एकेचाळीस नावं, त्यांत बाई एकच.

मी उठून विचारलं, की पंचवीस वर्षांत एवढ्या मुली शिकून गेल्या, त्या सगळ्या काय हवेत विरल्या? प्राचार्य शांतपणे म्हणाले, त्यांचा पत्ता लागत नाही, तुम्ही लावा. आणि एकट्या बाईमाणसानं गावोगाव कसं हिंडायचं म्हणून सोबतीला इतिहासवाल्याला दिलं. इतिहासवाला खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

पत्ता का लागत नाही, ते रजिस्टर उघडल्यावर कळलं. रजिस्टरात मुलीचं माहेरचं नाव. लग्न झालं की ते गेलं, आणि कितीतरी घरांत सासरी पहिलं नावसुद्धा बदलतात. त्यामुळे आमचं काम असं चालायचं, की एस. टी.नं माहेरच्या गावाला जायचं, भावाचं घर शोधायचं, आणि विचारायचं, बहीण कुठं दिली? मग त्या गावाची एस. टी. आमच्याकडे छापील माहितीपत्रकं होती. पहिला रकाना 'पूर्ण नाव'. तिथं कुठलं नाव लिहायचं यावरून आमचं पहिलं भांडण झालं. मी म्हणत होते जुनं, तो म्हणत होता बाईलाच विचारू. बाईला विचारायचं, हे मला सुचलंच नव्हतं.

अवसरी खुर्दला तर बहारच झाली. कुशाबाई नावाच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या भावाच्या घरी गेलो. फाइल घेतलेला तरुण, सोबत एक साडीतली बाई, आणि तोंडी मुलीची चौकशी. घरातल्या बाईंनी आम्हाला बोलूच दिलं नाही. सतरंजी पडली, कांदेपोहे आले, आणि पोह्यांचा ट्रे घेऊन त्यांची बी. ए.ला असलेली पुतणी मान खाली घालून समोर येऊन बसली. मला मोठी बहीण ठरवून त्यांनी विचारलं, "ताई, पावण्यांना शेती किती?" सुदर्शनच्या घशात पोहे अडकले. खुलासा झाल्यावर सगळं घर हसलं, पुतणी सर्वांत जास्त.

स्टँडवर एस. टी.ची वाट बघताना तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मला नवरदेव समजले त्याचं काही नाही. पण तुम्हाला माझी बहीण ठरवलं ते बरं नाही केलं."

"का बरं?"

"इतिहासात अशा चुका दुरुस्त करायला फार वर्षं लागतात, मॅडम."

मी छत्रीच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढत राहिले. त्या दिवशी एस. टी. पाऊण तास उशिरा आली आणि ती आणखी उशिरा आली तरी चाललं असतं, असं मला पहिल्यांदा वाटलं.

त्याच्याबद्दल कळत गेलं ते असं प्रवासात, तुकड्या-तुकड्यांनी. त्याचे वडील राघू कोकरे अजून मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचे, कोकणात, आणि पावसाच्या तोंडावर परत. घराण्यात दहावी झालेला सुदर्शन पहिलाच. खिडकीतून एखादा कळप दिसला, की तो बोलता-बोलता थांबायचा आणि मेंढरं कुणाची ते ओळखायचा. एकदा एस. टी.त गर्दीत माझा पदर मागून कुणाच्या तरी पिशवीत अडकून ओढला जात होता, तर त्यानं काही न बोलता मध्ये फाइल धरली. नारायणगावपर्यंत तशीच धरून उभा राहिला. एवढंसंच, पण मी रात्री जेवताना आठवून हसले आणि आईनं माझ्याकडे निरखून बघितलं.

जानेवारीपर्यंत आम्ही सतरा बायका शोधल्या. कुशाबाईंनी वीस वर्षं बालवाडी चालवली होती. आम्ही त्यांचं नाव घ्यायला आलोय हे ऐकून त्या पदर तोंडाला लावून रडल्या होत्या. ते शेवटचं माहितीपत्रक भरून आम्ही नारायणगावच्या स्टँडवर चहा घेत होतो. थंडी मरणाची. त्यानं कपाची कड अंगठ्यानं पुसली, परत पुसली.

"अंजना..." मॅडम गळालं होतं. "वडील कोकणातून आले, की त्यांना घेऊन तुमच्या घरी येतो. चालेल का?"

मी तासभर बोलणारी बाई. पण सुचलं ते भलतंच. "रिकाम्या हातानं येऊ नका."

"मग काय आणू?"

"माहितीपत्रक आणा. मीही माजी विद्यार्थिनी आहे. विद्यापीठात तिसरी आले होते, आणि तुमच्या यादीत मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

तो हसला. माझा होकार त्याला कळला आणि आम्ही दोघांनी तो चहा इतका हळू प्यायला, की चहावाल्यानं शेवटी कप मागून घेतले.

मेंढरं परत यायला अजून चार महिने होते. आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तेवढा दम नव्हता. फेब्रुवारीत अवसरीच्या हिंगे मंडळींचा मुलगा मला बघून गेला. भरत नाव, चाकणला कंपनीत कामाला. मंडळी 'कळवतो' म्हणून गेली, ती आठ दिवस झाले तरी कळवेनात. दादा रोज फाटकाकडे बघायचे. मी स्टाफरूममध्ये, चार लोक बसलेले असताना, वहीत तोंड घालून दोन वाक्यांत सुदर्शनला हे सांगितलं. तोही वहीत बघूनच म्हणाला, "रविवारी येतो. वडिलांना आणता येणार नाही, पण बनकर सर येतील."

मुलानं स्वतः तोंडानं मागणी घालायची नसते, वडीलधाऱ्यानं घालायची. आमच्याकडे ती रीत आहे. सर त्यासाठी येणार होते.

रविवारी सकाळी दोघं आले. सरांनी पांढरं धोतर नेसलं होतं आणि सुदर्शनच्या शर्टाच्या बाहीवर इस्त्रीची ताजी घडी होती. दादांनी ओट्यावर सतरंजी टाकली. मी आतून, दाराच्या चौकटीला टेकून सगळं बघत होते. सरांसारखा माणूस एकदम विषयाला हात घालणार नाही हे मला माहीत होतं. आधी पाऊसपाणी, मग ऊस, मग स्मरणिका. दादा सगळ्याला हूं-हूं करत होते. मग त्यांनी सुदर्शनला विचारलं, "तुमचं पावणं कुठलं?"

आमच्याकडे जात अशी विचारतात. पाहुण्यांची गावं सांगितली की सगळं कळतं. सुदर्शननं सरळ सांगितली. दादांचा चेहरा बदलला नाही. फक्त त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि सरांकडे, मग सुदर्शनच्या इस्त्रीच्या शर्टाकडे, मग चौकटीतल्या माझ्याकडे बघितलं. माझे वडील चार बुकं शिकलेले, पण माणूस वाचायला त्यांना कधी चष्मा लागला नाही. त्यांना सगळं कळलं. आम्ही जमीनवाले, ते मेंढरंवाले, एवढंच काय ते, आणि तेवढं पुरे होतं.

सर म्हणाले, "तर धर्माजीराव, आधी तुमच्या लेकीचं माहितीपत्रक भरून घेऊ. मग मला थोडं बोलायचं आहे." त्यांनी मान हलवली तसं सुदर्शननं फाइल मांडीवर घेतली आणि पेन उघडलं. "पूर्ण नाव?"

"जरा थांबा, मास्तर," दादा म्हणाले. "तुमचं पुस्तक छापून येईस्तवर पोरीचं नाव बदाललेलं आसंल. कालच सुपारी फुटली. अवसरीच्या हिंग्यांकडं दिली."

सुपारी फुटली नव्हती. काल घरात कुणी आलंच नव्हतं. काल दिवसभर दादा फाटकाकडे बघत होते आणि मी तांदूळ निवडत होते. चुलीपाशी आईच्या हातातली पळी थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

सर हळूच म्हणाले, "वा. आनंद आहे." सुपारी फुटलेल्या मुलीला कुणी मागणी घालत नाही. त्यांचं बोलणं तिथंच संपलं.

"लिव्हा," दादा म्हणाले. "सौभाग्यवती अंजना भरत हिंगे."

सुदर्शननं लिहिलं. त्याचं अक्षर नेहमी मोत्यासारखं, तेव्हाही तसंच आलं. लिहून झाल्यावर त्यानं मान वर केली आणि सगळ्यांदेखत, दादांना ओलांडून, सरळ माझ्याकडे बघत विचारलं,

"मॅडम, बरोबर आहे ना?"

'नाही' एवढा एक शब्द. माझ्या जिभेवर होता, हे मी देवाशपथ सांगते. पण दादांच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसत होती. आपल्या ओट्यावर, पाहुण्यांसमोर, मुलीनं बापाला खोटं पाडायचं? पावण्यांसमोर बापाचा शब्द पडू द्यायचा नाही, हे मी चालायला शिकले तेव्हापासून शिकले होते.

मी मान खाली घातली. आमच्याकडे मुलीनं मान खाली घातली की तो होकार धरतात.

पेनाचं टोपण लागल्याचा आवाज मला ऐकू आला. दोघं चहा घेऊन गेले. चहा मीच दिला.

त्याच संध्याकाळी दादांनी गेणभाऊंना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, अवसरीला धाडलं. हिंग्यांच्या सगळ्या अटी मान्य केल्या, आणि बोललेलं खोटं तीन दिवसांत खरं करून घेतलं. वैशाखात माझं लग्न झालं. सुदर्शन त्याआधीच राजीनामा देऊन पुण्याला गेला होता. स्मरणिका दिवाळीत आली. त्यात पहिल्या यादीतली ती एक सोडून सतरा नव्हे, अठरा बायका होत्या, आणि अठरावीचं नाव वाचताना ती मीच आहे हे ओळखायला मला क्षणभर वेळ लागला.

भरत वाईट माणूस नाही, हे सांगायलाच हवं. त्यांनी मला नोकरी सोडायला लावली नाही, कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. प्रांजल झाला तेव्हा रात्र-रात्र जागले. मी त्यांच्याशी खोटं वागले नाही. फक्त वर्ग सोडला तर माझं बोलणं कमी झालं, आणि नवी माणसं मला अबोल समजायला लागली.

दोन हजार सातमध्ये कॉलेजनं माजी विद्यार्थी मेळावा घेतला. प्रमुख पाहुणे डॉ. सुदर्शन राघू कोकरे. मेंढपाळांच्या जुन्या वाटांवर त्यानं पुस्तक लिहिलं होतं आणि परदेशातही त्याला बोलावणी येत होती. आमच्या यादीत प्राध्यापक म्हणून तो आता पहिल्या पाचांत होता. मी मराठी विभागाची प्रमुख, त्यामुळे पाहुण्यांचा परिचय करून देणं माझ्याकडे आलं.

कार्यक्रमाआधी तो माझ्या केबिनमध्ये आला. कानांवर केस पांढरे झाले होते. चष्मा नवा होता. बाहेर मांडवात पोरं खुर्च्या लावत होती आणि माईकवर कोणी एक-दोन-तीन म्हणत होतं. त्यानं मुलीबद्दल सांगितलं, मी प्रांजलबद्दल. बनकर सर गेले ते त्याला उशिरा कळलं होतं. मग बोलायचं काही उरलं नाही... म्हणजे सगळंच उरलं होतं. मी परिचयाचा कागद चार वेळा घडी घालून चार वेळा उघडला.

"एक सांगायचं होतं," मी म्हणाले. "त्या रविवारी सुपारी फुटलेली नव्हती. दादा खोटं बोलले."

तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"कसं?"

"भरतरावांचा धाकटा भाऊ माझ्या वर्गात होता. शनिवारीच मला म्हणाला, आमच्याकडं अजून ठरलं नाही, मामा आल्यावर ठरवू. म्हणून तर दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे आलो."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"यजमानाला त्याच्याच ओट्यावर खोटं पाडायचं? तेही मी, कोकऱ्याच्या पोरानं? सरांचा मान गेला असता. ते फक्त तुम्हाला करता येण्यासारखं होतं. म्हणून तर तुम्हाला विचारलं." त्यानं चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला. "तुम्ही मान खाली घातलीत. मला वाटलं... ते खोटं तुम्हालाच हवंय."

नऊ वर्षं हा माणूस असं समजून जगला.  मी टेबलाची कड धरली.

"नको होतं," मी म्हणाले. "मला ते नको होतं."

त्यानं चष्मा परत घातला. मग म्हणाला, "बरं केलंत सांगितलंत." एवढ्यात प्राचार्य दारात आले आणि आम्ही मांडवात गेलो. मी परिचय वाचला.  लोक म्हणाले, हिंगे मॅडमचा परिचय फार छान झाला. तो चार वाजता पुण्याला गेला.

घरी आले तर दादा ओट्यावर बसले होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. हातांना कंप, ऐकू कमी येतं. मी त्यांना चहा दिला. त्यांनी विचारलं, आज कोण पाहुणा होता. मी सांगितलं.

त्यांनी तोंडाला लावलेली बशी खाली घेतली.  ते फाटकाकडे बघत बसले.

"त्या दिवशी लई भ्यालो व्हतो मी," ते म्हणाले. "वाटलं, आता बोलती का मग बोलती."

"बोलले असते तर काय केलं असतंत, दादा?"

"काय करनार? पावण्यांम्होरं खोटा पडल्याव मानसाजवळ काय ऱ्हातं." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्येलाच दिली असती तुला. तू बोलली न्हाईस, आन् मला वाटलं, सुटलो."

मी त्यांच्या हातातली बशी घेतली आणि चहा गार झालाय, गरम करून आणते, असं म्हणून आत गेले.